सात गाईंचं पाणी कोणाच्या पट्टीतून?

काकू, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. पहिलीच टर्म आहे. जागा महिला राखीव होती म्हणून उभी राहिले, निवडून आले, आणि पाणी समितीत माझं नाव कोणी घातलं ते मला नंतर कळलं. गावात ३८० नळजोडण्या आहेत. एक दिवसाआड पाऊण तास पाणी येतं. पाणीपट्टी वर्षाला ६०० रुपये, घर कसंही असो. भरतात निम्मेच. मोटरीचं लाइट बिल थकलंय, मागच्या उन्हाळ्यात आठ दिवस वीज तोडली होती, तेव्हा टँकर आणावा लागला.

आता समितीत तीन मतं आहेत. सरपंच म्हणतात, घरोघरी मीटर बसवू. जुनी मंडळी म्हणतात, पाण्याचे पैसे घेणं पाप आहे, सरकारनं द्यावं. तिसरा गट म्हणतो, सरळ पट्टी १,२०० करा आणि भरणार नाही त्याचा नळ तोडा. तोडायच्या यादीत पहिलं नाव माळावरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईचं आहे. एकटी राहते. चार वर्षांचे २,४०० रुपये थकलेत. तिच्या नळाला धार करंगळीएवढी असते.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या घरी सात माणसं आणि सात जर्सी गाई. गोठ्याला पाणी त्याच नळाचं. सासरे (आम्ही त्यांना आबा म्हणतो) म्हणतात, ‘मीटरला हो म्हणालीस तर पहिलं बिल आपल्याच दारात येईल, जरा डोकं वापर.’ पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. योजनेच्या जमाखर्चाचा कागद सोबत पाठवलाय. मी काय बोलू?

एक सदस्य

* * *

तू काकू म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगं करते. सदस्य असलीस तरी रागावू नकोस.

तुझे आबा हुशार आहेत. मीटर बसला तर दणदणीत बिल कोणाला येणार, हे त्यांनी समितीच्या आधी ओळखलं. आपल्या घरात दिवसाला किती पाणी जिरतं याचा बहुतेकांना अंदाज नसतो, आबांना आहे. त्यामुळे त्यांना विरोधी पार्टीत धरू नकोस. त्यांच्याकडे मी शेवटी येते.

आधी जुन्या मंडळींचं. त्यांना अडाणी म्हणून उडवून लावायची चूक करू नकोस, कारण तहानलेल्याला पाणी पाजायचे पैसे घेऊ नयेत हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण पाणपोई फुकट असते ती प्यायला येणाऱ्याला. रांजण कोणीतरी विकत आणलेला असतो, रोज सकाळी कोणीतरी भरतो, वरचं फडकं ओलं ठेवतो, आणि त्या माणसाचा रोज कुठल्या तरी शेटजीनं नाहीतर तरुण मंडळानं दिलेला असतो. माझ्या माहेरच्या आडाच्या काठाला, दगडाला, दोराच्या खाचा पडल्या होत्या. बोट आत जाईल एवढ्या खोल. आईच्या तळहातालाही तशीच एक आडवी रेघ होती. तेव्हाचं पाणी फुकट होतं असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ते सगळे पुरुष होते. ग्रामसभेत हे एवढं कडक बोलायची गरज नाही. पुढे बसलेल्या एखाद्या आजीला नुसतं विचार, ‘आजी, तुम्ही दिवसाला किती खेपा करायचा?’ पुढचं त्या बोलतील.

‘सरकारनं द्यावं’ हेही अर्धं बरोबर आहे. सरकार देतंच. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर हा त्याचा हिशेब. गावातल्या कामांच्या खर्चात गावाचा वाटा १० टक्के, डोंगराळ भागात ५ टक्के. बाकी विहीर, टाकी, पाइप वरून येतं. मात्र एकदा नळ बसला की तो चालवायचा गावानं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला, त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता, आणि बऱ्याच गावांनी त्यातून मोटरीचं बिल भागवलं. अडीनडीला भागवावंही. पण मोठ्या खर्चासाठी आलेला पैसा दर महिन्याच्या बिलात गेला, की पाइप फुटल्यावर हात वर करायची वेळ येते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता तुझा कागद. मी तो दोनदा बघितला आणि माझ्या पद्धतीनं पुन्हा मांडला. लाइट बिल महिना १६,००० धरलं तर वर्षाचे १,९२,०००. पाणी सोडणाऱ्याचा पगार महिना ९,०००, म्हणजे १,०८,०००. टीसीएल पावडर (पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) आणि पाणी तपासणी १६,०००. गळती, व्हॉल्व्ह, मोटरीचं रिवायंडिंग वगैरे ७०,०००. इथपर्यंत तुमच्या कागदावर आहे. एक ओळ मात्र त्यावर नाही आणि ती कोणत्याच गावाच्या कागदावर नसते: उद्या मोटर जळाली, पंप बदलावा लागला, तर त्याची तजवीज. त्याचे वर्षाला ७०,००० बाजूला टाक. बेरीज ४,५६,०००. भागिले ३८० घरं, म्हणजे घरटी वर्षाला १,२००, महिन्याला १००.

म्हणजे तिसऱ्या गटाचा आकडा चुकीचा नाही. कोणीतरी नीट बेरीज केलेली दिसते. त्यांचं चुकतंय ते वाटणीत.

वाटणीकडे जाण्याआधी या शंभर रुपयांकडे जरा बघ, कारण ग्रामसभेत आरडाओरडा इथेच होणार. घरात सरासरी पाच माणसं, माणशी ५५ लिटर, ३८० घरं, म्हणजे गावाला रोज साधारण एक लाख साडेचार हजार लिटर पाणी लागतं. वर्षाचा खर्च त्या पाण्यावर पसरला तर हजार लिटरला १२ रुपये पडतात. तुमच्या स्टँडवरही आता ते पाण्याचं एटीएम असेलच. वीस लिटरचा जार कुठे पाच रुपयांना मिळतो, कुठे दहाला. पाचच धर. हजार लिटरचे २५० झाले. रोज एक जार नेणारं घर त्या एटीएमला महिन्याला दीडशे देतं आणि पाणीपट्टीचे पन्नास देताना ग्रामपंचायतीच्या नावानं बोटं मोडतं. पण यात लोकांना हसू नकोस. जारचं पाणी ते विकत घेतात कारण नळाच्या पाण्यावर त्यांचा भरवसा नाही. पाणी सोडणाऱ्यानं टीसीएल कधी टाकली, किती टाकली, हे कोणाला माहीत असतं? ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणारी, ती छोटी बाटली शेवटच्या नळावर नेऊन, थेंब टाकून, पाणी पिवळं झालेलं वस्तीतल्या बायकांना डोळ्यांनी बघू दे. पट्टी वाढवायची असेल तर हे आधी कर. पाणी पिवळं झालं नाही, तर त्या महिन्यात पट्टीचा विषय काढूच नकोस.

आता वाटणी. माळावरच्या त्या आजी एकट्या. माणशी ५५ लिटरनं महिन्याचं त्यांचं पाणी झालं १,६५० लिटर. बाराच्या दरानं २० रुपये. गावानं त्यांना लावलेत महिना ५०. चार वर्षांचे त्यांच्या वाट्याचे खरे पैसे होतात ९६० च्या आत, तेही त्यांना पुरेपूर ५५ लिटर मिळाले असं धरून, आणि यादीत त्यांच्या नावापुढे लिहिलेत २,४००.

आता तुमचं घर. सात माणसांचे ३८५ लिटर. दुभत्या जर्सी गाईला प्यायला आणि धुण्यापुसण्याला मिळून ७० लिटर तरी लागतात, उन्हाळ्यात जास्तच. सात गाईंचे ४९०, म्हणजे गोठ्यात आणखी नऊ माणसं राहतात असं समज. दिवसाचे ८७५ लिटर, महिन्याचे २६ हजारांवर, बाराच्या दरानं ३१५ रुपये. आणि तुम्हीही भरता महिना ५०.

सरसकट पट्टी ६०० ची १,२०० केली तर आजींना १०० लागतील आणि तुम्हालाही १००. नळ तुटेल आजींचा.

मग सरपंच म्हणतात तसा मीटरच बरा, असं वाटेल. मलाही एके काळी वाटायचं. आपल्याच जिल्ह्यात कराडला चिकटून मलकापूर आहे. तिथं चोवीस तास पाणी, घरोघर मीटर आणि जास्त वापराला चढा दर, असं त्यांनी करून दाखवलं, आणि राज्यभरातून लोक ते बघायला गेले. पण त्या वाक्यातला पहिला शब्द लोक विसरून येतात. चोवीस तास. पाइपात कायम पाणी भरलेलं असलं की मीटर नीट चालतो. एक दिवसाआड पाऊण तास पाणी सोडणाऱ्या गावात पाइप मधल्या वेळात रिकामा होतो. पाणी सोडलं की आधी फुसफुस करत हवा येते, आणि ती हवा मीटरचा काटा फिरवते. मग बाई बादली घेऊन उभी, नळातून वारा येतोय आणि मीटर पळतोय. मागोमाग गाळ येतो, काटे अडकतात. सहा महिन्यांत निम्मे मीटर बंद पडतात, ते वाचायला माणूस नसतो, आणि शेवटी ‘सरासरी’ बिल लावतात, म्हणजे पुन्हा सरसकट. जलस्वराज्य या सरकारी पाणी योजनेच्या काळात, २००३ नंतरची काही वर्षं, मी गावोगाव पाणी समित्यांच्या बैठका घेत फिरत होते. तेव्हा अशा एका गावात मीटरच्या पेटीत कोंबडीनं अंडी घातलेली मी स्वतः बघितली आहेत.

म्हणून माझं मत असं की, ३८० मीटर आत्ता नकोत. एकच बसव, टाकीतून बाहेर पडणाऱ्या मोठ्या पाइपवर. जमलं तर प्रत्येक वस्तीच्या फाट्यावर एकेक, म्हणजे चार-पाच. टाकीतून किती गेलं आणि माळाच्या फाट्यापाशी किती पोचलं, एवढं कळलं तरी गावाचं निम्मं भांडण मिटतं. मधलं पाणी कुठे गेलं ते शोधायला मग मीटर लागत नाही, ओल्या गटारी आणि हिरवीगार परसं दिसतातच. शिवाय बिनातोटीचे नळ मोज. पाणी आल्यावर बादली भरून झाली तरी धार चालूच, कारण बंद करायला तोटीच नाही. तीस-चाळीस रुपयांची प्लॅस्टिकची तोटी ग्रामपंचायतीनं स्वतः आणून बसवली तरी ती काही महिन्यांत वसूल होते.

आणि त्याआधी, उद्याच्या पाळीलाच, बादली-घड्याळ कर. हे मी ज्या ज्या गावात केलं तिथं लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. पंधरा लिटरची एकच बादली घ्यायची. टाकीजवळच्या पहिल्या घरात पाणी आल्यावर ती नळाखाली धरायची आणि भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग मोटरसायकलवर बसून तडक शेवटच्या घरी. एका गावी आम्ही सातवीतल्या दोन मुलींना घेऊन हे केलं. पहिल्या घरी चाळीस सेकंद. शेवटच्या घरी सहा मिनिटं, आणि तोवर त्या घरची म्हातारी नळ खाली मिळावा म्हणून खड्डा करून त्यात तांब्या धरून बसलेली. मुलींनी शाळेच्या फळ्यावर गणित मांडलं: पाऊण तासात पहिल्या घराला हजार लिटरच्या वर, शेवटच्याला ११२. पट्टी दोघांना तेवढीच. म्हणजे शेवटचं घर लिटरमागे नऊपट पैसे देत होतं. त्या ग्रामसभेत कोणी भाषण केलं नाही. फळा तसाच ठेवला होता, त्याच्या समोर बसून पट्टी ठरली.

तुमच्याकडे जी करंगळीएवढी धार आहे ती बहुधा उंचीमुळे आणि मधल्या घरांच्या मोटरींमुळे. पाणी आलं की लोक थेट पाइपला टिल्लू पंप लावतात, हे तुलाही माहीत आहे आणि समितीलाही. माळाच्या वस्तीला स्वतंत्र वेळ द्या, आधी त्यांचा व्हॉल्व्ह उघडा, खालचा नंतर. त्याला पैसे लागत नाहीत, पाणी सोडणाऱ्याला पाठीशी उभं राहणारं कोणी लागतं. टिल्लू पंप पकडला तर जप्त करायचा ठराव करा, आणि पहिला पंप सदस्याच्या घरचा निघाला तर तोही उचला. (निघतो. माझा अनुभव आहे.)

दराचं आता. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये सामान्य पाणीपट्टी आणि नळानं दिलेल्या पाण्याची विशेष पाणीपट्टी असे दोन प्रकार आहेत. विशेष पट्टी सगळ्यांना सारखीच हवी असं कुठे नाही, परिस्थितीप्रमाणे वेगवेगळी ठेवता येते. मीटर नसतानाही वापराच्या जवळ जाता येतं, घरात माणसं किती आणि गोठ्यात जनावरं किती ते मोजून. तुमच्या गावासाठी मी असं मांडून बघितलं. एक-दोन माणसांची ६० घरं असतील तर त्यांना महिना ४०. मधल्या २४० घरांना ८०. सहाच्या वर माणसं असलेल्या ८० घरांना १२०. नळाचं पाणी पिणाऱ्या दर मोठ्या जनावराला २५, आणि अशी दीडशे जनावरं. दुसरी जोडणी, हॉटेल, गाडी धुण्याचं सेंटर, मंगल कार्यालय असे डझनभर मोठे ग्राहक, त्यांना ३००. महिन्याची बेरीज ३८,५५० येते. लागतात ३८,०००. घरांची विभागणी माझी अंदाजाची आहे, तुझ्याकडे नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टीची, यादी आहे, ती हातात घेऊन घरोघर माणसं मोज आणि खरी भर. आकडे इकडेतिकडे होतील, रीत तीच राहील.

लहान घराचं पाणी स्वस्त ठेवा आणि वरच्या वापराला चढा दर लावा, पण पायरी पायरीनं. मुंबई महापालिका असंच करते. माणशी १५० लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढच्या टप्प्याला दुप्पट, मग तिप्पट, चौपट. दर वाढतो तो फक्त वरच्या पाण्याचा. दिल्लीनं २०१५ मध्ये घरटी महिना २० हजार लिटर फुकट केले, मात्र वीसच्या वर गेलात की सगळ्याच पाण्याचं बिल. अशा रेषेच्या कडेला राहणारा माणूस पाणी वाचवत नाही, मीटर बिघडवायचा रस्ता शोधतो. आणि मुळात आपल्याकडे फुकट वाटायला दिल्लीसारखी तिजोरी कुठे आहे?

वसुली. मार्चमध्ये घरपट्टीच्या पावतीसोबत मधल्या घराकडे वर्षाचे ९६० एकदम मागितले तर कोणीही देणार नाही, मीही नाही देणार. तेच महिना ८० सहज निघतात. तुमच्या भागात दुधाचं बिल दहा दिवसांनी मिळतं, त्या दिवशी मागा. बचत गटातल्या दोन बायकांना पावती पुस्तक द्या आणि वसुलीतले पाच टक्के गटाला. ग्रामपंचायतीच्या शिपायाला ‘साहेब घरी नाहीत’ म्हणणारी माणसं शेजारच्या वहिनीला तसं सांगत नाहीत. आणि दर महिन्याला लाइट बिलाची झेरॉक्स किराणा दुकानाच्या फळीवर चिकटवा. खाली लिहा, जमा किती, बाकी किती. नावं लिहू नका, आकडेच पुरेत.

न भरणाऱ्यांवर कारवाई नको असं मी म्हणणार नाही. थकलेल्या पट्टीच्या वसुलीसाठी त्याच अधिनियमात कलम १२९ आहे, लोकअदालतीत थकबाकीची प्रकरणं लावता येतात, आणि नोटीस गेली की बरेचजण येऊन भरतात. पण क्रम लावा. आधी हॉटेल, कार्यालय, दुसऱ्या जोडण्या. मग ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे ते थकबाकीदार. तुमच्या यादीत आजींचं नाव पहिलं का आलं, माहीत आहे? कारण त्यांच्याकडून कोणी भांडायला येणार नाही. घरातला पिण्यापुरता पहिला नळ मी कोणाचाच तोडणार नाही. जारपुरते पैसे असलेला माणूस जार आणेल, आजी पुन्हा हंडा घेऊन उतारावरून खाली येतील.

त्यांच्या २,४०० चं काय करता येतं, हप्ते की सूट, ते गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घे. ‘बघू, सोडून देऊ’ अशा तोंडी माफीवर जाऊ नकोस, पुढच्या टर्मला तेच नाव पुन्हा यादीत येतं. पुढच्यासाठी ग्रामसभेत सवलतीचा ठराव कर: एकट्या राहणाऱ्या वृद्धांना महिना २०, आणि तो फरक ३०० वाल्या गिऱ्हाइकांकडून. ठरावात कोणाचं नाव नको, नियम हवा. आजींना मात्र वीस भरू दे. पावती हातात असलेली बाई ‘माझ्या नळाला पाणी का नाही’ असं विचारू शकते, आणि माळावरच्या वस्तीतून तो प्रश्न येणं गावाला गरजेचं आहे.

आता आबा. त्यांना ग्रामसभेत कळता कामा नये, आधी घरी कळलं पाहिजे. सुनेनं चार लोकांत सासऱ्याच्या गाई मोजल्या असं झालं तर पट्टी बाजूला राहील आणि तुमच्या घरचं जेवण बंद होईल. संध्याकाळी धारा काढून झाल्या की त्यांच्यापाशी बस. तुमच्या घराचं नवं बिल १२० अधिक सात गाईंचे १७५, एकूण २९५. मीटर नाही, काटा नाही, हवा नाही. एका गाईमागे महिना २५, म्हणजे लिटरभर दुधाच्या पैशांच्याही आत. आणि गेल्या उन्हाळ्यात आठ दिवस वीज तोडली तेव्हा गोठ्यासाठी टँकरला किती मोजले, ते त्यांना आठवत असेल. तुला आठवत नसेल तर त्यांनाच विचार, ते पै-पैचं सांगतील. मग एवढंच म्हण, ‘आबा, जनावरांचा दर तुम्हीच सुचवा.’ सात गाईवाल्या माणसानं जनावराचे पैसे स्वतः मागितले, तर दोन गाईवाला काय बोलणार?

ते नाहीच म्हणाले तर? तरी तू बोल. पण आपल्या घराचा आकडा पहिला वाच, बाकीच्यांचे नंतर.

एक राहिलं. ग्रामसभेच्या आधी मोटरीच्या लाइट बिलाची मूळ प्रत काढ आणि त्यावर ग्राहकाचा वर्ग काय लिहिलाय ते बघ. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी विजेचा वेगळा वर्ग असतो. एका गावात आठ वर्षं विहिरीवरच्या मोटरीचं बिल दुकानाच्या दरानं येत होतं आणि दर महिन्याला मुकाट भरलं जात होतं, कारण ते बिल पाकिटातून काढून कोणी वाचलंच नव्हतं. मोटरीचा कॅपॅसिटर (बिल आटोक्यात ठेवणारा भाग) चालू आहे का तेही वायरमनला विचार. बिलाचा फोटो मला पाठव, दोन्ही बाजूंचा.